उसनी तरतरी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. पहिलीपासून मी नांदेडला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीच्या पेपरात कायम काठावर पास! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. 'टेक्निकल विषयावर मराठीत लिहून दाखव' असं मॅडमनी चॅलेंज दिलं, म्हणून हा सगळा खटाटोप.

विषय आहे तरतरी. म्हणजे आपण पीएलमध्ये रात्री दोन वाजता जी शोधत फिरतो ती. कुणाला ती कॉफीच्या मगात सापडते, कुणाला टपरीवरच्या कटिंगमध्ये, कुणाला सिगारेटमध्ये, तर कुणाला एखाद्या गोळीत. ही तरतरी येते कुठून आणि तिचं बिल कोण भरतं, एवढंच या लेखात पाहायचं आहे. बायॉलॉजी दहावीनंतर सोडलेल्यांनी घाबरू नये. मीही तुमच्यातलीच, इलेक्ट्रिकलची.

आजीची डबी

आमचं गाव हट्टा. हिंगोली जिल्हा, वसमत तालुका, हळदीचा पट्टा. सुट्टीत गावी गेले की पहाटे एका वासाने जाग यायची. आजी चुलीवर तवा ठेवून त्यावर तंबाखू भाजायची. पार काळी होईपर्यंत भाजायची, मग चुरून डबीत भरायची. हीच मिश्री. सकाळी उठल्यावर चिमूटभर बोटावर घ्यायची आणि दातांवर, हिरड्यांवर घासत ओट्यावर बसायचं. ते झाल्याशिवाय आजी कुणाशी धड बोलत नसे. दुपारी शेतातून आल्यावर पुन्हा, संध्याकाळी पुन्हा, झोपताना पुन्हा.

मी सातवी-आठवीत असताना तिला मोठ्या ऐटीत म्हणाले होते, "आजी, धिस इज ॲडिक्शन!" आजीला इंग्रजी कळलं नाही, पण सूर कळला. ती म्हणाली, "अगं माय, लावलं नाही तर डोकं उठतंय. कामच सुचत नाही."

मी हसले. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की तिसऱ्या वर्षात मी स्वतः होस्टेलच्या गॅलरीत कॉफीचा मग हातात घेऊन रूममेटला अगदी हेच वाक्य सांगणार आहे. फरक इतकाच, की मी ते इंग्रजीत सांगितलं.

तेवीस वॅटचा मेंदू

आधी थोडं गणित करू. आपल्या मेंदूचं वजन साधारण १.४ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण विश्रांतीत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली जवळपास वीस टक्के हा एकटा खातो. घरात एक माणूस आणि गॅस मात्र दहा जणांचा, असा प्रकार! त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. दिवसाला साधारण १२० ग्रॅम.

एक ग्रॅम ग्लुकोजमधून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. १२० ग्रॅमचे झाले ४८० किलोकॅलरी, म्हणजे साधारण २० लाख ज्यूल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं २३ वॅट. आपल्या रूममधल्या एलईडी ट्यूबइतकं! एवढ्यात हा गडी फूरियर ट्रान्सफॉर्मही करतो आणि मेसच्या भाजीला नावंही ठेवतो.

आता एक १० मिलिग्रॅमची 'जागं ठेवणारी' गोळी घ्या. समजा ती संपूर्ण ग्लुकोजची असती, तर तिच्यातून मेंदूला किती वेळ पुरेल इतकी ऊर्जा मिळाली असती? हिशोब करून बघा. फक्त सात सेकंद! मग ती गोळी सात-सात तास माणसाला जागं कशी ठेवते?

याचा अर्थ सरळ आहे. गोळीत ऊर्जा नसतेच. खर्च होते ती आपलीच. गोळी फक्त कोठाराचं कुलूप उघडते आणि पहारेकऱ्याला झोपवते. या सगळ्या पदार्थांना उत्तेजक म्हणतात. चहा-कॉफीतलं कॅफिन, तंबाखूतलं निकोटिन, डॉक्टर चिठ्ठीवर देतात ते मिथाइलफेनिडेट, आणि कायद्याने बंदी असलेली कोकेन, मेथॅम्फेटामिन, मेफेड्रोन ही मंडळी. ताकदीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चहा आणि कोकेन एका तागडीत टाकू नका. पण 'कुलूप उघडणे आणि पहारेकऱ्याला झोपवणे' ही युक्ती थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच.

सर्पगंधा, मुंबईचा डॉक्टर आणि डोपामिन

हे कुलूप ज्या रसायनाचं आहे त्याचं नाव डोपामिन. त्याच्या शोधाच्या गोष्टीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे, हे वाचून मला फार भारी वाटलं.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावर लेख लिहिला. साऱ्या जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. रक्तदाब उतरायचा खरा, पण काही रुग्ण अगदी मलूल, उदास व्हायचे. का?

स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे हलेनात, कान पाडून बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं, ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं. थोड्या वेळात ससे टुणकन पूर्ववत! हे साल १९५७. रेसर्पिनने मेंदूतल्या डोपामिनच्या पिशव्याच रिकाम्या केल्या होत्या. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं रसायन बनतानाचा एक टप्पा, एवढीच त्याची किंमत होती. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आज पार्किन्सनच्या रुग्णांना हाच एल-डोपा देतात. आणि गंमत सांगू? शाळेत मुलं एकमेकांच्या अंगावर टाकायची ती खाजकुइली आठवते? तिच्या बियांमध्येही एल-डोपा असतो.

डोपामिन म्हणजे आनंद नव्हे

मोबाईलवर हल्ली जो तो 'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' असं सांगत असतो. ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला, की माकडाच्या डोपामिन पेशी फडफडायच्या. मग दिवा लागला की रस मिळतो, हे माकड शिकलं. त्यानंतर पेशी फडफडायच्या त्या दिवा लागल्यावर, रस मिळाल्यावर नाही. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर पेशी नेहमीपेक्षाही शांत व्हायच्या.

कंट्रोल सिस्टिमवाल्यांच्या लगेच लक्षात येईल. हा एरर सिग्नल आहे! अपेक्षा किती होती आणि मिळालं किती, यातला फरक. 'हे भारी होतं, लक्षात ठेव, पुन्हा कर' असा तो निरोप असतो. गणित सुटल्यावर येतो, आईचा फोन आल्यावर येतो, मेसमध्ये गुलाबजाम असल्यावर येतो.

आणि हा निरोप देणाऱ्या पेशी किती? मेंदूत एकूण चेतापेशी अंदाजे ८,६०० कोटी, त्यात डोपामिनवाल्या जेमतेम चार ते सहा लाख. म्हणून त्यांच्याशी खेळ करणं महागात पडतं.

दार अडवणारे, दार उलटं फिरवणारे

एक पेशी डोपामिन सोडते. ते मधल्या सूक्ष्म फटीत येतं, समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, निरोप पोचतो. निरोप पोचल्यावर ते लगेच मागे ओढून घ्यावं लागतं, नाहीतर निरोप संपणारच नाही. मागे ओढणाऱ्या प्रथिनाला ट्रान्सपोर्टर म्हणतात. आपण त्याला परतीचं दार म्हणू.

कोकेन आणि मिथाइलफेनिडेट हे दार अडवून उभे राहतात. डोपामिन बाहेरच साचतं, निरोप वाजत राहतो. मग एक औषध आणि दुसरं विष, असं का? फरक वेगाचा आणि मात्रेचा. चिठ्ठीप्रमाणे पोटातून घेतलेली गोळी हळूहळू चढते, हळूहळू उतरते. एडीएचडी असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिचा खराखुरा उपयोग होतो, त्यांची चेष्टा करायचं काहीच कारण नाही. नाकातून ओढलेलं कोकेन मात्र काही मिनिटांत उसळी मारतं. मेंदूला ती उसळी लक्षात राहते.

ॲम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन आणि मेफेड्रोन आणखी पुढचे. हे परतीच्या दारातून स्वतःच आत शिरतात आणि दार उलटं फिरवतात. आत ओढणारा पंप बाहेर फेकू लागतो. त्यातही ॲम्फेटामिन आणि मेथॅम्फेटामिन आतल्या पिशव्यासुद्धा रिकाम्या करतात. पिशवीबाहेर मोकळं पडलेलं डोपामिन ऑक्सिडाइज होऊन पेशीलाच इजा करू शकतं.

मेफेड्रोन म्हणजे वर्तमानपत्रात येतं ते एमडी. 'म्याव म्याव' असं लाडाचं नाव ठेवलंय, जसं काही मांजराचं पिल्लू! २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत ते एनडीपीएस कायद्याच्या यादीतही नव्हतं. 'हे मुंबई-पुण्याकडचं, आपल्याकडे कुठलं' असं म्हणणाऱ्यांसाठी दोनच उदाहरणं. मेथॅम्फेटामिन ज्यापासून बनवतात त्या एफेड्रिनचा सुमारे १८ टनांचा साठा ठाणे पोलिसांनी एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यातून पकडला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केलं. सोलापूर, दौंड ही आपल्यासारख्यांचीच गावं. आणि प्लांट चालवायला केमिकलचं शिक्षण लागतं, हेही आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी जरा मनात धरावं.

निकोटिनची वाट वेगळी. ते डोपामिन पेशीच्या अंगावरच्या ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर बसतं आणि पेशीला डोपामिन सोडायला लावतं. इथे आमच्या गावच्या एका केमिस्ट्रीचं कौतुक केलंच पाहिजे. काका तळहातावर तंबाखू घेतो, चुना लावतो, अंगठ्याने मळतो. चुना का? तर चुना अल्कली. अल्कलीमुळे निकोटिनवरचा विद्युतभार जातो आणि बिनभाराचं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात शिरतं. पीएच, पीकेए काही न शिकता शेकडो वर्षं लोक हा प्रयोग करत आलेत! दुर्दैव एवढंच, की चुन्याने गालाची आतली त्वचाही सोलवटते आणि तंबाखूतल्या कॅन्सरकारक द्रव्यांना वाट आणखी मोकळी होते.

मोटार डायरेक्ट करणे

आता आपल्या सर्वांच्या लाडक्या कॅफिनकडे येऊ. त्याचा मुख्य हल्ला डोपामिनवर नाहीच.

पेशीत ऊर्जा खर्च होते म्हणजे एटीपी मोडतं. त्याच्या मोडतोडीतून ॲडिनोसिन नावाचं द्रव्य तयार होतं. दिवसभर जागून काम केलं की ते मेंदूत साचत जातं, आपल्या रिसेप्टरवर बसतं आणि सांगतं, 'बास, आता झोप.' म्हणजे झोप येणं हा आळस नाही, ते मीटरचं रीडिंग आहे.

कॅफिनचा आकार ॲडिनोसिनसारखा. ते रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण निरोप काही देत नाही. खुर्ची अडवून ठेवायची, काम करायचं नाही. (प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असा एक मेंबर असतोच!) ॲडिनोसिनचे काही रिसेप्टर डोपामिनच्या रिसेप्टरला खेटूनच असतात आणि त्याचा आवाज दाबून ठेवतात. कॅफिनने तो दाब काढला, की आहे तेवढंच डोपामिन मोठ्याने ऐकू येतं. म्हणून तरतरी.

गावाकडे हळदीला पाणी देताना मोटार ओव्हरलोड झाली की रिले ट्रिप होतो. मोटार बंद. पण पाणी तर द्यायचंय, लाईट पुन्हा कधी जाईल सांगता येत नाही. मग कुणीतरी रिले बायपास करून मोटार 'डायरेक्ट' करतं. चालते! मस्त चालते! वाइंडिंग जळेपर्यंत चालते. कॅफिन म्हणजे ही डायरेक्ट मोटार. ओव्हरलोड गेलेला नसतो, तो दाखवणारा रिले गेलेला असतो.

आणि उतरायला किती वेळ? कॅफिनची हाफ-लाइफ साधारण पाच तास. आरसी सर्किटच्या डिस्चार्जसारखाच कर्व्ह. रात्री अकराला २०० मिलिग्रॅम घेतलं, तर पहाटे चारला १०० आणि सकाळी नऊला, म्हणजे पेपरच्या आधी, ५० मिलिग्रॅम अजून रक्तात. आपण चारला झोपलो तरी ती झोप उथळ. टपरीवरच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं कॅफिन मोडणारं एन्झाइम वाढतं, त्यामुळे कॅफिन लवकर संपतं. चहासोबत सिगारेट ओढणाऱ्याला दुसरा चहा लवकर का लागतो, कळलं?

उचल फेडताना

मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांना 'उचल' हा शब्द सांगावा लागत नाही. हंगामाआधी मुकादम रोख पैसे देतो. त्या दिवशी घरात दिवाळी. मग ऊस तोडून ती फेडायची. आणि फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मला उत्तेजकांचं सगळं शास्त्र या एका शब्दात सापडलं. ज्या दिवशी गोळी घेतली त्या दिवशी मिळते ती उचल. कमाई नव्हे.

फेड दोन खात्यांवर चालते. पहिलं खातं डोपामिनचं. निरोप सारखा मोठ्याने वाजू लागला, की ऐकणारी पेशी कानात बोळे घालते, म्हणजे रिसेप्टर कमी करते. निगेटिव्ह फीडबॅक, दुसरं काय! नोरा व्होल्कॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅन करून दाखवलं, की कोकेन आणि मेथॅम्फेटामिन घेणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिनचे डी-२ रिसेप्टर कमी दिसतात. मग गुलाबजामचा, आईच्या फोनचा, सुटलेल्या गणिताचा निरोप त्यांना ऐकूच येत नाही. सगळं फिकं. ते फिकेपण घालवायला पुन्हा तीच पुडी. मुकादम पुन्हा दारात.

दुसरं खातं इंधनाचं. ग्लुकोजला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून शिरेतून देतात आणि मेंदूत कुठे किती इंधन जळतंय याचं चित्र काढतात. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात कोकेन दिल्यावर माणसांना जबरदस्त उत्साह वाटत होता, आणि त्याच वेळी मेंदूतला ग्लुकोजचा वापर मात्र घटला होता! वाटतं 'इंजिन फुल स्पीडला', आणि प्रत्यक्षात शेगडी मंद. व्यसन जडलेल्या माणसांनी कोकेन सोडल्यावर काही आठवडे-महिनेही कपाळामागच्या भागात इंधनाचा वापर कमी दिसतो. हाच भाग आपल्याला 'थांब, विचार कर' असं सांगतो. म्हणजे ज्या ब्रेकने गाडी थांबवायची, तोच ब्रेक ढिला. 'इच्छाशक्ती नाही का तुला?' असं व्यसनी माणसाला विचारणं का चुकीचं आहे, ते इथे समजतं.

शरीराचंही तेच. नाडी वाढते, लिव्हर साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं, भूक मरते. कोठारातून धान्य काढणं चालू, भरणं बंद.

पण एक चांगली बातमीही आहे. व्होल्कॉव्ह यांच्याच गटाने २००१ मध्ये दाखवलं, की मेथॅम्फेटामिन वर्षभराहून जास्त काळ बंद ठेवलेल्या माणसांच्या मेंदूत परतीची दारं बऱ्याच अंशी पुन्हा वाढली होती. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही, पण उचल फिटू शकते. वेळ लागतो.

माझी सबमिशनची रात्र

आता इथवर वाचलंत, तर खरं सांगते. हे सगळं मी काही परोपकारासाठी वाचलेलं नाही.

मागच्या सेमिस्टरला पॉवर सिस्टिमचं सबमिशन. तीन रात्री झोप नव्हती. एकीने एक गोळी पुढे केली. कोण, ते महत्त्वाचं नाही. तिला मी दोष देत नाही, हात पुढे करणारी मीच होते. "काही होत नाही गं, डॉक्टरच देतात." मी घेतली. माझ्या नावाची चिठ्ठी नव्हती, मला तो आजार नव्हता.

तासाभरात वाटलं, आता जग जिंकते! लोड फ्लोचा प्रॉब्लेम घेतला. गाउस-सायडेल, हाताने. एक इटरेशन, दोन, पाच, आठ. अक्षर सुंदर. रेघा पट्टीने. उत्तर कन्व्हर्ज होईना, तर 'अजून एक इटरेशन' म्हणत पुढे. थांबून मागे बघावं असं एकदाही वाटलं नाही. पहाटे पाचला अकरा पानं झाली होती. सकाळी रूममेटने पहिलं पान पाहिलं आणि म्हणाली, "अगं, वाय-बसमध्ये ऑफ-डायगोनलचं मायनस कुठाय?"

पहिल्याच ओळीत चिन्ह चुकलं होतं. अकरा पानं, शून्य मार्क!

पुढे वाचताना समजलं, की हा फक्त माझा गाढवपणा नव्हता. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस निरोगी तरुण-तरुणींना आपला कॉम्प्युटरवाल्यांच्या ओळखीचा नॅपसॅक प्रॉब्लेम दिला. ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायचा तो. कधी खोटी गोळी, कधी मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल किंवा डेक्स्ट्रोॲम्फेटामिन. खरी गोळी घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ घालवला, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, पण उत्तराचा दर्जा घसरला. मेहनत वाढली, अक्कल नाही. माझ्या अकरा पानांचं याहून नेमकं वर्णन मला तरी करता येणार नाही.

त्या दिवशी छाती धडधडत होती, मेसचं ताट तसंच ठेवलं. संध्याकाळी गोळी उतरली आणि काहीही कारण नसताना रडू यायला लागलं. एका गोळीने व्यसन लागलं असं मुळीच नाही. पण फेड म्हणजे काय, त्याची चव कळली. आणि ओट्यावर बसलेली आजी आठवली. सकाळच्या मिश्रीने तिला नवीन तरतरी मिळत नव्हती. रात्रभरात निकोटिन उतरल्यामुळे जे डोकं उठायचं, ते फक्त बसायचं. मिश्रीनेच केलेला खड्डा ती मिश्रीने बुजवत होती. आणि मी माझा खड्डा कॉफीने.

मग करायचं काय?

उपदेश ऐकायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. म्हणून चारच मुद्दे.

एक, ॲडिनोसिनचं मीटर खरोखर शून्यावर आणायचा उपाय एकच, झोप. वाचलेलं पक्कं बसवण्याचं कामही मेंदू झोपेत करतो. रात्रभर जागून पाच युनिट करण्यापेक्षा तीन करून सहा तास झोपणं हे साधं इंजिनिअरिंग ऑप्टिमायझेशन आहे.

दोन, चहा-कॉफी सोडा असं मी म्हणणार नाही, मला होस्टेलवर राहायचंय! पण दुपारी चारनंतर नको. आणि सोडायचीच असेल तर हळूहळू कमी करा, एकदम बंद केली की काही दिवस डोकं दुखतं.

तीन, दुसऱ्याच्या नावाची गोळी म्हणजे दुसऱ्याच्या नावाची उचल. फेडावी तुम्हालाच लागते. तुमचं लक्ष खरंच लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात लाज कसली?

चार, कुणी पुडीपर्यंत पोचलं असेल तर त्याला वाळीत टाकू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. मन फारच बसलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. रेक्टर सरांनाही विनंती, की पुडी सापडलेल्या मुलाला घरी पाठवण्याआधी एकदा या नंबरांपैकी एखादा फिरवून बघावा.

आणि आजी? गेल्या दिवाळीत तिच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, अजून तरी वाईट काही नाही, पण मिश्री बंद करा. सगळे तिच्यावर ओरडत होते. या वेळी मी ओरडले नाही. शेजारी बसून अकरा पानांची गोष्ट सांगितली. मायनसचं तिला काही कळलं नाही, पण हसली खूप. मग म्हणाली, "तू तुझं कमी कर, मी माझं करते. बघू कोण हरतंय."

सध्या स्कोअर असा आहे: आजी दिवसातून चार वेळांवरून दोनवर. मी पाच कपांवरून दोनवर. दर रविवारी फोनवर हिशोब होतो. दोघीही थोडं खोटं बोलतो, हे दोघींनाही माहीत आहे.